सातजणींच्या सह्या

"मला पगारवाढ नको आहे, मॅडम," मी म्हणाले.

देशिंगकर मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या आमच्या कंपनीच्या एच. आर. ऑफिसर. त्यांच्या टेबलावर रबर लावलेला मेडिक्लेमच्या कार्डांचा गठ्ठा होता. कायम कामगारांची नवी कार्डं आली होती.

"काय नको आहे?"

"पगारवाढ. नव्या करारातली."

"अहो, आजवर पहिल्यांदा ठेकेदाराकडच्या बायकांना करारात घेतलंय. युनियनची माणसं त्यासाठी अकरा दिवस गेटवर बसली होती." त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायच्या थांबल्या. "नवरा पगार काढून घेतो का?"

"नाही हो. तसं काही नाही."

"मग?"

"घरगुती कारण आहे."

खरं कारण मी सांगणार नव्हते. आदल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या मुलाला फिट्स यायला लागल्या आणि तिच्या रजा वाढल्या. एका सोमवारी तिला गेटवरूनच परत पाठवलं. पोवार ठेकेदार म्हणाले होते, "आजारी घरातली बाई म्हणजे निम्मीच बाई." तेव्हापासून माझ्या घरात कुणी आजारी नव्हतं. निदान ऑफिसपुरतं तरी.

"हे माझ्याकडे नाही येत," देशिंगकर मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पोवारांच्या पटावर. त्यांच्याशी बोला. पण आधीच सांगते, एका ग्रेडमध्ये दोन दर चालत नाहीत. वाढ द्यायची तर सातही जणींना, नाहीतर कुणालाच नाही."

त्यांचा फोन वाजला. त्यांनी मला हातानेच थांबायला सांगितलं. "हो, बाबांचा दुसरा डोळाही करून टाकू. कार्ड दाखवायचं फक्त. अगं, सासू-सासरे दोघंही येतात त्यात. एक रुपया लागत नाही."

मी थोडा वेळ थांबले आणि उठले.

कागलच्या एमआयडीसीतली ती कंपनी. लोखंडी रिंगा बनायच्या, आणि आम्ही सातजणी त्या तपासायच्या. भिंगाच्या दिव्याखाली रिंग फिरवायची, चरा दिसला की लाल ट्रेमध्ये, नाही दिसला की पास. पास केलेल्या रिंगेवर आपापल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे माल परत आला तर कुणाच्या डोळ्याने चूक केली ते कळतं. माझा ठिपका निळा. बी. एस्सी. झालेली मी एकटीच, म्हणून सगळ्या मला म्याडम म्हणायच्या. निम्मं कौतुक, निम्मी टिंगल. शाळेचं पत्र, बँकेचा मेसेज, गॅसच्या सबसिडीचा फॉर्म, सगळं माझ्याकडे वाचायला यायचं.

कराराचे कागद बोर्डावर लागले तेव्हाही त्यांनी मलाच पुढे ढकललं.

"वाच गं, किती दिल्यात त्ये सांग," अक्काताई म्हणाल्या. अक्काताई मगदूम आमच्यात सगळ्यांत मोठ्या. बावन्न वर्षांच्या, त्यातली सतरा त्याच स्टुलावर.

काचेमागे इंग्रजी कागदांची चळत होती. वरच्याच पानावर दराचा तक्ता होता. "बावीसशे चाळीस," मी सांगितलं. नसीमने माझ्या पाठीत अशी थाप मारली की माझं कपाळ काचेवर आपटलं. त्या हसत सुटल्या आणि मी मनातल्या मनात बेरीज केली. आमचा पगार होता एकोणीस हजार तीनशे. एकवीस हजारांच्या वर गेलं की ई. एस. आय. बंद. दवाखान्याचं कार्ड बंद.

माझी शरू तेव्हा अडीच वर्षांची. तिचं हृदय जन्मतःच अर्धं घडलेलं. रडली की ओठ जांभळे पडायचे, म्हणून आम्ही तिला रडू द्यायचो नाही. काय मागेल ते द्यायचो. आठ महिन्यांची असताना पहिलं ऑपरेशन झालं ते पुण्याला, माझ्या कार्डावर. दुसरं चौदा किलो वजन झाल्यावर करायचं होतं, डॉक्टरांच्या अंदाजाने पुढच्या दिवाळीला. नियम मला पाठ होते. वाढ जुलैपासून लागू झाली असती तर सप्टेंबरनंतर पगारातून वर्गणी कापणं बंद, आणि कार्ड ओढूनताणून पुढच्या जूनपर्यंत. दिवाळी त्याच्या पलीकडे. बाहेर तेच ऑपरेशन साडेचार लाखांचं. नवरा टू-व्हीलरच्या गॅरेजात, तिथे मालकालाच कसला विमा नव्हता. आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजनेत तेव्हा नाव बसत नव्हतं.

बावीसशे चाळीस रुपये घेऊन मी काय करणार होते?

पोवारांना संध्याकाळी गेटबाहेर त्यांच्या बोलेरोपाशी गाठलं. ते ऊस खात होते. माझं म्हणणं ऐकून त्यांनी चोयटी थुंकली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाढ नको? नक्की?"

"कार्ड चालू राहायला हवं मला."

"का? दवाखाना लागला का कुणाला?"

"नाही. असावं आपलं. लहान मूल आहे घरात."

"शिकलेल्या बाईचं हेच बरं असतंय," पोवार म्हणाले. "फुडचं दिसतंय तिला. पण एकटीचं न्हाई चालणार. सातींच्या सह्या लागतील. अर्ज मी टाइप करून देतो. उद्या सुट्टीच्या आत सह्या आल्या पायजेत, परवा मला बिलं लावायची हाईत. एक जरी कमी पडली तर मग नाइलाज हाय, ताई."

"त्यांना वाढ हवी आहे, साहेब."

"त्ये तुम्ही बघा की. तुमचं ऐकतात सगळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर वॉचमनने पाकीट दिलं. एक पान, इंग्रजीत. 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या स्वखुशीने विनंती करतो, की सुधारित वेतनदर कराराच्या संपूर्ण मुदतीत आम्हांला लागू करू नये.' मुदत साडेतीन वर्षांची होती. खाली सात रेघा.

मी पहिल्या रेघेवर सही केली.

कँटीनची थाळी कायम कामगारांना. आम्ही डबे घेऊन सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसायचो. त्या दिवशी नसीमने खिमा आणला होता, तो तिने माझ्या डब्याच्या झाकणात न विचारताच वाढला. नसीम मुल्लाणी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिची अफरीन बारावीला चांगले मार्क घेऊन पास झाली होती, आणि मिरजेला नर्सिंगच्या यादीत तिचा नंबर लागला होता.

"सोसायटीत बोलून ठेवलंय मी," ती सांगत होती. "म्हटलं, जुलैपासनं पगार वाढतोय, त्याच्यावर कर्ज द्या. मॅनेजर म्हणतोय स्लिप दाखवा, लगेच देतो. ही पोरगी पांढऱ्या ड्रेसात घरात आली की मी मरायला मोकळी."

"आधी कर्ज फेड, मग मर," अक्काताई म्हणाल्या. "जामीनदार मी हाय."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा. मग मी हात धुतले, पुसले आणि पिशवीतून कागद काढला.

"एक सही हवी आहे सगळ्यांची."

"कशाची?"

"ई. एस. आय.ची. पगार वाढला की कार्ड बंद होतं आपलं. ते चालू राहावं असा अर्ज आहे."

"बंद हुतंय?" अक्काताईंनी तोंडाला पदर लावला. "आगं बाई. ह्ये कुणी सांगितलंच न्हाई. आण हिकडं."

त्यांची सही म्हणजे मोठं काम. एकेक अक्षर बसवून, दम खाऊन. त्यांच्यामागोमाग चौघींनी केल्या. पेन फिरत नसीमकडे आलं. तिने कागद हातात धरून वरपासून खाली पाहिला, जणू नीट पाहिलं तर इंग्रजी वाचता येईल.

"आन वाढीचं काय? त्येला काय आडकाठी न्हाई न्हवं?"

मी डब्याचं झाकण लावत होते. "ते वेगळं," मी म्हणाले.

"तू वाचलायस न्हवं सगळं?"

"हो. दोनदा."

तिने मांडीवर डबा पालथा घातला, त्यावर कागद ठेवून सही केली आणि फुंकर मारून मला परत दिला. "शरूचं औषध चालू ऱ्हाईल म्हंजे," ती म्हणाली. "ब्येस झालं. माझ्या ध्येनातच न्हवतं."

साडेतीनला मी कागद बोलेरोत नेऊन दिला.

जुलैचा पगार सात ऑगस्टला झाला. स्लिपा वाटल्या आणि टेबलावर गडबड उडाली. "जुनाच आकडा हाय की गं." "फुडच्या म्हैन्यात फरकासकट देतील." "म्याडम, बघ की तू, काय चुकलंय का." मी स्लिप बघितल्यासारखं केलं. नसीम उठली. तिला सोसायटीत जायचं होतं, अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख तेरा होती. ती आणि अक्काताई चहाच्या सुट्टीत पोवारांना भेटायला गेल्या.

मी रिंगा तपासत बसले. एका रिंगेला चांगला नखाएवढा चरा होता तरी मी तिला निळा ठिपका दिला, हे मला नंतर सुपरवायझरने दाखवलं.

त्या परत आल्या तेव्हा मशीन चालू झाली होती. नसीम तिच्या स्टुलावर बसली नाही. ती माझ्या दिव्यासमोर येऊन उभी राहिली, त्यामुळे माझ्या हातातली रिंग अंधारात गेली.

"त्येनं कागद दावला," ती म्हणाली. "मराठीत सांगितला बी."

मी रिंग ट्रेमध्ये ठेवली.

"मी इचारलं हुतं तुला. वाढीचं काय म्हणून. तू काय म्हणालीस?"

"नसीम, पोरीसाठी..."

"काय म्हणालीस त्ये सांग."

"ते वेगळं, म्हणाले."

"हांऽ." तिने मान हलवली. "बरोबर आठवतंय तुला."

"आगं, लेकरासाठी केलंय तिनं," अक्काताई मध्ये पडल्या. "तोंड उघडून सांगितलं असतं तर आपण काय न्हाई म्हटलं असतं व्हय? हासत केली असती सही."

"तू केली असतीस, अक्का," नसीम म्हणाली. "तुझी पोरं हाताला आल्यात. मी न्हाई केली असती. शरूचं तोंड बघून बी न्हाई. माझी बी पोरगीच हाय." मग माझ्याकडे वळून, आवाज अजिबात न चढवता ती म्हणाली, "आन ह्ये तुला ठावं हुतं. म्हणूनशान सांगितलं न्हाईस. व्हय का न्हाई?"

"हो," मी म्हणाले.

ती तिच्या जागेवर गेली. दिवा लावला. संध्याकाळपर्यंत तिने चारशे दहा रिंगा काढल्या, रोजच्यापेक्षा जास्त.

अफरीन मिरजेला गेली नाही. बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकायला लागली. मी बसने जाताना ती काचेतून दिसायची. मग मी दुसऱ्या बाजूला बसायला लागले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर शरूचं ऑपरेशन झालं. सात तास. तेवीस दिवस आम्ही पुण्यात होतो. सगळं कार्डावर. मी पोवारांना सासू वारल्याचं सांगून रजा घेतली होती. सासूबाई माझ्याशेजारीच बाकावर बसून जप करत होत्या. परत आले तेव्हा अक्काताई नारळ घेऊन घरी आल्या, बाकीच्या चौघीही आल्या. नसीम आली नाही. पण कामावर तिने स्वतःहून विचारलं. जवळजवळ सव्वा वर्षाने पहिल्यांदा.

"ओठ कसे हैत?"

"गुलाबी," मी म्हणाले.

"हं," नसीम म्हणाली.

मार्चमध्ये देशिंगकर मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. मेडिक्लेमची नवी यादी करायची होती आणि टाइप करणारा ऑफिसातला मुलगा सुट्टीवर होता. त्या नावं वाचत होत्या, मी टाइप करत होते. कामगार, बायको, मुलं, आई, वडील. एका जागी कोरा रकाना होता.

"हा काढून टाका," त्या म्हणाल्या. "तुमच्या ग्रुपसाठी ठेवला होता. कामाला आलाच नाही."

"आमच्या?"

"कलम चौदा. ठेकेदाराकडच्या ज्यांचा पगार ई. एस. आय.च्या वर जाईल त्यांना कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घ्यायचं. युनियनने ते सगळ्यांत शेवटी घालून घेतलं होतं, फार भांडून. निम्मा हप्ता कंपनीचा, निम्मा पोवारांचा. पोवार तर पेटलेच होते. मग तुमचाच अर्ज आला." त्यांनी खांदे उडवले. "सुटले बिचारे."

"मुलंही त्यात येतात?"

"सगळी. पाच लाखांपर्यंत."

"आणि आधीपासूनचा आजार असला तर? जन्मापासूनचा?"

"ग्रुप पॉलिसीत तेही येतं पहिल्या दिवसापासून. का हो?"

"काही नाही."

त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. सातवं पान. चार ओळी होत्या, सोपं इंग्रजी.

"मला वाटलं वाचलं असेल तुम्ही," देशिंगकर मॅडम म्हणाल्या. "बोर्डावर होतं की महिनाभर. काच उघडीच असते. आणि तुम्ही आला होतात ना माझ्याकडे? मी कारण विचारलं होतं."

"हो," मी म्हणाले. "विचारलं होतंत."

मी तो रकाना काढून टाकला आणि पुढचं नाव टाइप केलं.

त्यानंतर रोज सकाळी मी ठरवायचे की आज सांगायचं. डब्याच्या वेळी सांगायचं. नाहीतर सुट्टी झाल्यावर फक्त नसीमला. एप्रिलमध्ये ती लग्नाची पत्रिका घेऊन आली. अफरीनला हातकणंगल्याचं स्थळ आलं होतं, मुलगा वेल्डर. पाच पत्रिका वाटून झाल्या. सहावी तिने थोडा वेळ हातात ठेवली आणि मग माझ्या ट्रेवर ठेवली.

"शरूला घेऊन ये," ती म्हणाली.

मी ठरवलं, लग्न होऊ दे, मग सांगू.

लग्न कागललाच होतं, एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून. अफरीन जरीचा दुपट्टा तोंडावर घेऊन बसली होती. मेंदीच्या हातांत नवा मोबाइल. तिने मला ओळखलं, आणि सलाम केला. शरू मांडवभर धावत होती. जन्मापासून मी तिला असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. दर चार पावलांना माझा जीव वर येत होता आणि तिचे ओठ गुलाबीच राहत होते.

नसीमने तिला धावता धावता धरलं, उचललं आणि कडेवर घेतलं. "आगं आई गं, जड झाली की ही," ती म्हणाली आणि बायकांच्या पंगतीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाहुण्या बायका बघत होत्या.

"कुनाची गं ही?" एका म्हातारीने विचारलं.

"ही?" नसीमने शरूच्या गालावर बोट आपटलं. "ही माझ्या अफरीनची फी हाय, फुफी. बघा कशी गोरीपान हाय."

म्हातारीला काही कळलं नाही. अक्काताई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. नसीम माझ्या शेजारी बसली, शरूला मांडीवर घेऊन.

"लई दिवस धुमसत हुतो मी तुझ्यावर," ती हळू म्हणाली. "मग ती दवाखान्यातनं आली, चालायला लागली. म्हटलं, जाऊ दे. कुठं दारूत न्हाई गेलं. एक पोरगी शिकली न्हाई, पर एक वाचली. ह्येच्यापायीच गेलं न्हवं सगळं?"

ती उत्तरासाठी थांबली होती. तिच्या कपाळावर घामाने ओढणीवरची चमकी चिकटली होती. शरू तिच्या बांगड्या वरखाली करत होती.

"हो," मी म्हणाले. "हिच्यामुळेच."

"मग झालं तर." तिने वाढप्याला हाक मारली, त्याच्या हातातलं भांडं स्वतःकडे घेतलं आणि माझ्या ताटात जर्द्याचा डाव घातला. पिवळा भात, वर काजू. मग आणखी एक.

"खा," नसीम म्हणाली. "लाजू नगंस आता."

मी खाल्लं. सगळं संपवलं.